द्राक्षबागेवर फवारणीचा ड्रोन ओळीत ठेवायचा तर

नाशिककडच्या बागांत दोन ओळींमधलं अंतर साधारण ९ फूट, म्हणजे पावणेतीन मीटर. साधं जीपीएस २-३ मीटर सहज चुकतं. ड्रोन शेजारच्या ओळीवर गेलेला असतो आणि पडद्यावर मात्र जागेवर दिसतो. म्हणून बागेत आरटीके, म्हणजे जीपीएसची चूक तिथल्या तिथे सुधारणारी पद्धत, हवीच. जमिनीवर ट्रायपॉडवर ठेवलेलं स्थिर यंत्र, म्हणजे बेस, उपग्रहांच्या सिग्नलमधली चूक मोजून ड्रोनला कळवत राहतं, मग फरक २-३ सेंटिमीटरवर येतो.

मात्र ही अचूकता बेसच्या हिशेबाने असते. बेस चालू होताना स्वतःची जागा स्वतःच ठरवतो. ती मीटर-दोन मीटर चुकू शकते, तीही दर वेळी वेगळी. त्यामुळे बागेची हद्द आज मोजली आणि फवारणी आठ दिवसांनी केली, तर ट्रायपॉड त्याच खुंटीवर असूनही अख्खा नकाशा सरकतो. कडेची ओळ कोरडी राहते आणि डावणी (केवडा) हा बुरशीचा रोग तिथूनच शिरतो.

उपाय सोपा आहे. बांधावर उघड्या आभाळाखाली, पत्र्याच्या शेडपासून आणि मोठ्या झाडांपासून लांब, सिमेंटमध्ये गज रोवून त्याच्या डोक्यावर पंचाने खूण करा. पहिल्या दिवशी बेसला मिळालेले अक्षांश, रेखांश, उंची आणि अँटेनाची उंची वहीत उतरवा. दशांशानंतर आठ अंक लिहा. पाचच लिहिले तर मीटरभराची चूक तिथेच होते. पुढच्या वेळी हेच आकडे हाताने भरा. हद्द स्वतःच्या बेसऐवजी सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स सेवेवर (त्यांच्या कायमच्या बेस केंद्रांवर) मोजली असेल, तर फवारणीही त्याच सेवेवर करा.

उडवण्याआधी ड्रोन ओळखीच्या खांबाजवळ ठेवून नकाशावरची जागा ताडून पाहा. वीतभराहून जास्त फरक दिसला तर औषध भरू नका. पडद्यावर ‘फिक्स’ हवं, म्हणजे सेंटिमीटरची अचूकता मिळालेली आहे. ‘फ्लोट’ (ती अजून मिळालेली नाही) असेल तर थांबा, आणि उडताना फिक्स गेलं तर पंप बंद होऊन ड्रोन जागीच थांबेल असं सेटिंग आधीच ठेवा.

कंपासचं कॅलिब्रेशन वेलींना आधार देणाऱ्या वाय (Y) आकाराच्या लोखंडी अँगल-तारांपासून आणि ट्रॅक्टरपासून दूर, मोकळ्या जागी करा.

छाटणीनंतर विरळ काडीतून ड्रोनचं उंची मोजणारं रडार थेट जमीन वाचतं आणि ड्रोन वेलीवर उतरू लागतो. तेव्हा उंची मांडवाच्या उंचीएवढी वाढवून द्या. विजेच्या तारा हाताने नकाशावर घाला, रडारवर सोडू नका. ओझर आणि देवळालीच्या आसपास असाल तर डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन नकाशावर तिथे उडवायला परवानगी लागते का, तो झोन आधी पाहा.