ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजायला कसे शिकाल? एक कॅट, एक घड्याळ आणि शून्य रुपये

पत्ते मोजणारा प्रत्येक पत्ता डोक्यात साठवतो, हा समज आधी सोडा. लक्षात ठेवायचा असतो एकच आकडा. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने १९६२ साली पुस्तक लिहून मोजणीचं गणित जगासमोर मांडलं. आज बहुतेक जण शिकतात ती ‘हाय-लो’ पद्धत.

आधी खेळ पक्का करा. पत्त्यांची बेरीज २१ च्या जवळ न्यायची, पण पुढे जाऊ द्यायची नाही; समोर कॅसिनोतर्फे खेळणारा डीलर असतो. तुमचे १६ आणि डीलरचा ६ दिसत असेल तर थांबायचं. डीलरचा १० असेल तर पत्ता घ्यायचा. एक्क्यांची आणि अठ्ठ्यांची जोडी फोडायची, म्हणजे दोन वेगळे डाव करायचे; दश्शांची नाही. याचा पूर्ण तक्ता असतो, त्याला बेसिक स्ट्रॅटेजी म्हणतात. तो पाठ नसेल तर मोजणी शिकून काही उपयोग नाही. नियम चांगले असतील तर या तक्त्याने कॅसिनोची आघाडी साधारण अर्ध्या टक्क्यावर येते.

मग आकडे. पडणाऱ्या प्रत्येक पत्त्यागणिक मनात बेरीज चालू ठेवायची: २ ते ६ ला अधिक एक, ७-८-९ ला शून्य, दश्शी, गुलाम, राणी, राजा आणि एक्का यांना उणे एक. छोटे पत्ते निघून गेले की मागे मोठे उरतात. मोठे उरले की तुम्हाला ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांतच २१, लागण्याची शक्यता वाढते. डीलरला तर १७ होईपर्यंत पत्ता घ्यावाच लागतो, त्यामुळे तो २१ च्या पुढे जाऊन फुटण्याचीही.

सराव. कॅट पिसा, एक पत्ता न बघता उपडा बाजूला ठेवा आणि उरलेले ५१ उलटत मोजा. शेवटी अधिक एक आलं तर झाकलेला पत्ता मोठा, उणे एक आलं तर छोटा, शून्य आलं तर ७, ८ किंवा ९. उलटून बघा, उत्तर तिथल्या तिथे मिळतं. एकेक जमलं की दोन-दोन पत्ते उलटा. राजा आणि पंजी एकत्र आले तर ते एकमेकांना खातात, मोजायचेच नाहीत. सगळा वेग इथून येतो. अख्खा कॅट ३० सेकंदांच्या आत संपायला लागला की पुढे सरका.

पुढे म्हणजे गोंगाटात. मुंबईकराला त्यासाठी वेगळी सोय करावी लागत नाही. गणपतीच्या जागरणात मेंढीकोट रंगलेला असतो, तिथे नुसतं बाजूला बसून पडणारे पत्ते मोजा. कोणी मध्येच ‘चहा घेणार का?’ विचारलं की उत्तर द्यायचं आणि आकडा सोडायचा नाही. ओठ हलत असतील तर अजून कच्चे आहात.

भागाकार. कॅसिनोत बहुधा सहा किंवा आठ कॅट एकत्र असतात. म्हणून आकड्याला उरलेल्या कॅटनी भागायचं: अधिक ९ आणि तीन कॅट बाकी, म्हणजे खरी मोजणी अधिक ३. बाजूला टाकलेल्या पत्त्यांच्या थप्पीकडे बघून किती कॅट संपले याचा अंदाज घ्यावा लागतो. लोक अडतात ते इथे. बेरजेत सहसा कोणी अडत नाही. खरी मोजणी एकने वाढली की पारडं अंदाजे अर्धा टक्का तुमच्याकडे झुकतं. मोठी बोली लावायची ती अशा वेळी, बाकी सगळा वेळ लहान.

आता टेबलाबद्दल. मुंबईत कॅसिनो नाही. महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे. एरवीही प्रत्येक डावाला नव्याने पत्ते पिसणाऱ्या सॉफ्टवेअरसमोर मोजणार काय? गोव्याला मांडवीतल्या बोटीवर गेलात तर दोन गोष्टी बघा. सतत पिसणारं मशीन असेल तर मोजणी निरुपयोगी. आणि ब्लॅकजॅकला ३:२ देतात की ६:५? हजाराच्या बोलीवर दीड हजार की बाराशे, एवढा फरक पडतो, आणि बाराशेवाल्या टेबलावर तुमची सगळी मेहनत तिथेच खर्ची पडते.

अचूक मोजूनही फायदा एखाद-दोन टक्क्यांचाच, तोही हजारो डावांच्या सरासरीत. सलग हरणं रोजचंच. मनाई नसली तरी कॅसिनोला संशय आला तर ते सरळ उठवतात. घरी चुलतभावंडांत काडेपेटीच्या काड्या लावून खेळलात तर कोणी उठवत नाही.