पातळ कवचाची अंडी? कॅल्शियम देताना या चुका टाळा

अंडी हातातच चिरायला लागली की पहिली धाव कॅल्शियमच्या बाटलीकडे. जरा हिशेब करा. एका कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं, आणि खाल्लेलं सगळं काही अंगी लागत नाही. म्हणून कोंबडीच्या पोटात रोज 4 ग्रॅमच्या आसपास जावं लागतं. पाण्यातल्या टॉनिकने एवढी भर पडणार कुठून? कडक उन्हाळ्यात चार दिवस आधाराला ठीक आहे, पण भिस्त खाद्यावरच ठेवा.

माझं डोकं सर्वांत जास्त उठवते ती बारीक पावडर. ओळखीतल्या एकाने कवचं पातळ पडली म्हणून खाद्यात चुनखडीची पावडर वाढवली. फरक पडेना, म्हणून आणखी वाढवली. शेडमध्ये जाऊन पाहिलं तर खाद्याच्या भांड्यांच्या तळाशी पांढरा थर. कोंबड्या मक्याचे तुकडे टिपत होत्या आणि पीठ तसंच सोडत होत्या. म्हणजे कॅल्शियम नाहीच, वर एकूण खाणंही घटलेलं.

कवच घडायला सुमारे 20 तास लागतात आणि त्यातलं बरंचसं काम रात्री चालतं, कोंबडी काही खात नसताना. पावडर तोवर पुढे निघून गेलेली असते, मग कोंबडी हाडांतलं कॅल्शियम काढते. चुनखडीचे 2 ते 4 मिलिमीटरचे खडे मात्र गिझार्डमध्ये, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटाच्या स्नायूमय भागात, अडकून हळूहळू विरघळत राहतात. त्या ओळखीतल्याला पावडर कमी करून निम्म्याहून जास्त कॅल्शियम खड्यांतून द्यायला लावलं. शिवाय शिंपल्यांची ग्रिट, म्हणजे भरड चुरा, संध्याकाळी वेगळ्या भांड्यात. कवचं सुधारली, पण दुसऱ्याच दिवसापासून "अजून फरक का नाही?" हे त्याचं सुरूच होतं. एका रात्रीत निकाल हवा असणाऱ्यांनी कोंबड्या पाळूच नयेत.

दुसरी घाई तलंगांच्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांच्या, बाबतीत. "लवकर अंड्यावर येतील" म्हणून दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लांना लेअर खाद्य, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य! ग्रोअरमध्ये, म्हणजे वाढत्या वयाच्या खाद्यात, 1 टक्क्याच्या आसपास कॅल्शियम असतं, लेअरमध्ये 3.5 ते 4. आठवडेच्या आठवडे हा मारा झाला की मूत्रपिंडं खराब होतात, आणि मर अंड्यावर आल्यावर दिसते. तेव्हा दोष रोगाला दिला जातो. मी तुरे लाल व्हायला लागले की प्री-लेअर (अंड्यावर येण्याआधीचं खाद्य) देतो आणि पहिली अंडी दिसली की लेअर.

गिझार्डसाठीची ग्रॅनाइटची खडी विरघळत नाही, ती कॅल्शियम धरू नका. डोलोमाइटही नको, त्यातलं मॅग्नेशियम बाधतं. व्हिटॅमिन डी3 कमी पडलं तर कितीही ग्रिट घाला, फुकट. फॉस्फरसचंही प्रमाण सांभाळा, कमी नको तसं जास्तही नको.

अंडी सुरकुतलेली, वेडीवाकडी आणि आतला पांढरा बलक पाण्यासारखा असेल, तर ग्रिट वाढवत बसू नका. ते आयबीचं (इन्फेक्शियस ब्रॉन्कायटिस या विषाणूजन्य रोगाचं) लक्षण असू शकतं. त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा.