मूल जेव्हा कारण सांगतं, तेव्हा त्याचे हात बघा

मी लहान मुलांना शिकवते. पूर्वी उत्तर ऐकून चूक की बरोबर ठरवायचे आणि पुढे जायचे. आता आधी हात बघते.

तुम्हीही करून बघा. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घ्या. मुलाच्या देखत एका पेल्यातलं पाणी पसरट भांड्यात ओता आणि विचारा, "दोन्हीकडे पाणी सारखंच आहे का?" पाच-सहा वर्षांचं मूल बहुधा म्हणतं, "नाही, पेल्यात जास्त." तिथे चूक दाखवू नका. "कशावरून?" एवढंच विचारा आणि नजर हातांवर ठेवा.

एक मुलगी मला म्हणाली, "हे उंच आहे ना!" पण बोलताना तिचे दोन्ही तळवे समोरासमोर धरलेले होते, मधे भांड्याच्या रुंदीएवढं अंतर. तोंडात उंची, हातांत रुंदी! रुंदी तिच्या ध्यानात आली होती, शब्दांत उतरायची होती. मानसशास्त्रज्ञ सुझन गोल्डिन-मेडो यांनी एका सहसंशोधिकेबरोबर 1986 साली हेच दाखवलं: बोलणं आणि हात जुळत नसलेल्या मुलांना त्या वेळी शिकवलं, तर त्यांना त्याचा जास्त फायदा होतो.

म्हणून लगेच तिच्या हातांना शब्द द्या. मी माझे तळवे तसेच धरून म्हटलं, "तू असं दाखवलंस. हे काय गं?"

हात नेमके कधी बघायचे? हातवाऱ्यांचे अभ्यासक डेव्हिड मॅकनील यांच्या निरीक्षणानुसार हाताची मुख्य हालचाल त्याच अर्थाच्या शब्दाबरोबर किंवा किंचित आधी होते. शब्दाची वाट बघत बसलात तर ती निसटते. सुरुवातीला मोबाइलवर दोन मिनिटं चित्रण करा (पालकांना विचारून) आणि आधी आवाज बंद करून बघा.

"हात न हलवता नीट सांग" हे मात्र कृपा करून म्हणू नका. 2001 च्या एका प्रयोगात गणित समजावताना हात मोकळे असलेल्यांना मधेच लक्षात ठेवायला दिलेल्या गोष्टी जास्त आठवल्या. जन्मांध मुलंसुद्धा, ऐकणाराही अंध आहे हे माहीत असताना, हातवारे करतात. म्हणजे हात फक्त बघणाऱ्यासाठी हलत नाहीत.

नाक खाजवलं म्हणजे खोटं, हाताची घडी घातली म्हणजे राग, असले अर्थ काढू नका. हात कोणता आकार, कोणती दिशा दाखवतायत तेवढंच टिपा.

त्या मुलीने माझ्या तळव्यांकडे बघितलं, मग भांड्याकडे. "हे पसरलंय," ती हळूच म्हणाली, आणि पेल्याकडे वळली.