मेलबर्नमध्ये सबर्ब निवडताना: आधी झोन, मग घर

मेलबर्नला बदली झाली की दोन प्रकारचे सल्ले येतात. "पॉइंट कुकला या, सगळे आपलेच आहेत." किंवा "ग्लेन वेव्हर्लीच घ्या, शाळा एक नंबर." दोन्ही अर्धेच. तिथे सरकारी शाळा सबर्बच्या (उपनगराच्या) नावावर मिळत नाही, घराच्या पत्त्यावर मिळते. एकाच सबर्बमधल्या शेजारशेजारच्या दोन गल्ल्या दोन वेगळ्या शाळांच्या हद्दीत असू शकतात. शिवाय "सगळे आपलेच" याचा अर्थ वस्ती मिश्र आहे असा होत नाही. म्हणून घरांच्या जाहिराती शेवटी उघडा. आधी झोन (शाळेची ठरलेली हद्द), मग शाळा, मग वस्ती आणि रेल्वे.

पहिली पायरी: झोन

व्हिक्टोरिया राज्य सरकारच्या 'फाइंड माय स्कूल' या संकेतस्थळावर पत्ता टाका. नकाशावर त्या पत्त्याची ठरलेली शाळा दिसते. तिथे तीन गोष्टी हमखास चुकतात. एक, वर्ष निवडायचं राहून जातं. मूल ज्या वर्षी शाळेत जाणार ते वर्ष निवडा, कारण झोन बदलू शकतात. दोन, लोक फक्त प्राथमिकचा झोन बघतात. प्राथमिक प्रेप (पहिलीआधीचा वर्ग) ते सहावी आणि माध्यमिक सातवी ते बारावी यांचे झोन स्वतंत्र असतात. मूल चौथीत असेल तर खरा निर्णय माध्यमिकचाच आहे. तीन, एजंटच्या जाहिरातीतल्या "अमुक शाळेच्या झोनमध्ये" या ओळीवर विश्वास ठेवला जातो. ती ओळ म्हणजे पुरावा नव्हे. घर क्रमांकासह पूर्ण पत्ता स्वतः टाकून बघा.

झोनमध्ये कायमचा राहता पत्ता असेल तर त्या शाळेत प्रवेशाचा हक्क असतो. झोनबाहेरच्या मुलांना जागा उरली तरच घेतात, आणि त्यांच्यात आधी नंबर लागतो त्याच शाळेत शिकत असलेल्या भावंडांचा. बाल्विन हाय, मॅकिनन सेकंडरी, ग्लेन वेव्हर्ली सेकंडरी अशा मागणी असलेल्या शाळांच्या बाबतीत "बघू, मिळून जाईल" या भरवशावर बाहेर घर घेऊ नका. अशा शाळा पत्त्याचा पुरावाही कसून तपासतात: भाडेकरार, डिपॉझिट जमा झाल्याची पावती, विजेचं बिल. महिनाभराच्या सुट्टीच्या घराचा पत्ता त्यात टिकत नाही. निदान वर्षभराचा करार हातात ठेवा.

टार्नीट, ट्रुगनिना, क्लाइड नॉर्थ अशा वाढत्या भागांत वेगळीच गंमत होते. नवी शाळा उघडली की जुन्या शाळेच्या झोनचा तुकडा तिच्याकडे जातो. आधीच शिकत असलेलं मूल तिथेच राहू शकतं. धाकट्याचा हक्क मात्र नव्या शाळेत लागतो, आणि जुन्या शाळेत त्याला भावंड म्हणून प्राधान्य मिळतं, हमी नाही. अशा भागात घर घेताना आसपास कुठली शाळा बांधायला घेतली आहे हे आधी विचारा.

दुसरी पायरी: शाळा चांगली म्हणजे काय

क्रमवारीच्या याद्या बाजूला ठेवा आणि 'माय स्कूल' या राष्ट्रीय संकेतस्थळावर शाळेचं पान उघडा. तिथे 'इक्सिया' नावाचा आकडा दिसेल. देशाची सरासरी १०००. अनेक पालक ११०० बघून खूश होतात आणि ९८० बघून पान बंद करतात. हा आकडा शाळेच्या दर्जाचा नाहीच. आईवडिलांचं शिक्षण आणि व्यवसाय, शाळेचं ठिकाण, आदिवासी मुलांचं प्रमाण यांवरून तो काढतात. म्हणजे वर्गात कोणाची मुलं बसतात हे तो सांगतो, शिक्षक कसे शिकवतात हे नाही.

शिकवण्याचा अंदाज देशभर होणाऱ्या नॅपलॅन परीक्षेतून येतो. ती तिसरी, पाचवी, सातवी आणि नववीला होते. त्यातही नुसते गुण बघू नका. "सारख्या पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांशी तुलना" हा पर्याय निवडा. सर्वसाधारण वस्तीतली शाळा तिथे सातत्याने वरच्या रंगात दिसत असेल तर तिथले शिक्षक काम करताहेत असं समजा. श्रीमंत वस्तीतली शाळा सारख्या शाळांच्या मागे असेल, तर गुण शिकवणीवाल्यांचे आहेत अशी शंका घ्यायला हरकत नाही. आणखी एक: २०२३ पासून परीक्षा मार्चमध्ये गेली आणि मोजपट्टीही बदलली, त्यामुळे २०२२ पर्यंतचे आकडे पुढच्या आकड्यांशी जोडून आलेख काढू नका.

माध्यमिकसाठी व्हीसीईचा, म्हणजे राज्याच्या बारावीच्या प्रमाणपत्राचा निकाल बघा. प्रत्येक विषयाचा स्टडी स्कोअर ५० पैकी असतो आणि सरासरी ३० च्या आसपास ठेवलेली असते. शाळेचा मध्यांक (बरोबर मधला स्कोअर) आणि ४० किंवा त्याहून जास्त स्कोअरचं प्रमाण दरवर्षी जाहीर होतं. एका वर्षावर जाऊ नका, चार-पाच वर्षं शेजारी ठेवा. छोट्या शाळेत दहा हुशार मुलं एका तुकडीत आली तरी आकडा उडी मारतो.

निवड परीक्षेच्या चार सरकारी शाळा आहेत: मेलबर्न हाय, मॅक रॉबर्टसन गर्ल्स, बेरिकची नॉसल आणि वेरिबीची सुझान कोरी. त्यांना झोन नसतो, प्रवेश नववीत असतो आणि परीक्षा आठवीत द्यावी लागते. मुलगा किंवा मुलगी तिथे जाईल या आशेवर सबर्ब ठरवणं मात्र धाडसाचं आहे. आठवीपर्यंतची शाळा झोनमधलीच असणार.

तिसरी पायरी: वस्ती खरंच मिश्र आहे का

इथे सगळ्यात जास्त गफलत होते. भारतीय किराणा, डोशाचं हॉटेल, गणपतीचा मंडप दिसला की लोक म्हणतात, वस्ती डायव्हर्स आहे. तुमच्यासाठी ती सोयीची आहे, एवढंच त्यातून कळतं.

ऑस्ट्रेलियाच्या सांख्यिकी विभागाच्या 'क्विकस्टॅट्स' पानावर सबर्बचं नाव टाका. २०२१ च्या जनगणनेचे तक्ते मिळतील: जन्मदेश, आईवडिलांचा जन्मदेश, घरात बोलली जाणारी भाषा. भाषेचा तक्ता असा वाचा. इंग्रजीनंतरच्या पाच भाषांचे टक्के बघा. त्यांतली एकच मोठी आणि बाकीच्या दोन-तीन टक्क्यांवर असतील, तर ती एका समाजाची वस्ती आहे. पाचही थोड्याफार फरकाने जवळ असतील, तर ती मिश्र. टार्नीटमध्ये इंग्रजीखालोखाल पंजाबी, ग्लेन वेव्हर्लीत मँडरिन. दोन्ही ठिकाणी परदेशात जन्मलेले लोक भरपूर, पण वर्गातलं चित्र अगदी वेगळं. मराठी या पहिल्या पाचांत सहसा दिसत नाही. त्यावरून तिथे मराठी घरं नाहीत असं समजू नका.

सबर्ब मिश्र असला तरी शाळा तशी असेलच असं नाही. म्हणून पुन्हा 'माय स्कूल'वर या आणि दोन आकडे टिपा: इंग्रजीशिवाय दुसरी भाषा घरात असलेल्या मुलांचं प्रमाण, आणि आईवडिलांच्या शिक्षण-व्यवसायाच्या चार गटांतली वाटणी. भाषा अनेक, पण ऐंशी टक्के मुलं सगळ्यात वरच्या गटातली, असं असेल तर ती विविधता रंगरूपाची आहे, परिस्थितीची नाही. दोन्ही हवं असेल तर चारही गटांत मुलं असलेली शाळा शोधा.

मग प्रत्यक्ष जा. शाळा साधारण साडेतीनला सुटते. सव्वातीनला फाटकाबाहेर उभे राहा. पालक आपापल्या भाषेच्या घोळक्यात उभे आहेत की एकमेकांत मिसळून, हे पाच मिनिटांत कळतं. शनिवारी सकाळी मैदानावर जा, क्रिकेट आणि नेटबॉलच्या संघांत कोण आहे बघा. शाळेच्या भेटीत दिवाळी साजरी करता का हे विचारू नका, एका दिवसापुरती कुठलीही शाळा सजते. स्कूल कौन्सिलवर निवडून आलेले पालक कोण आहेत आणि नव्याने आलेल्या मुलाला इंग्रजीसाठी आठवड्याला किती तास स्वतंत्र शिक्षक मिळतो, हे विचारा. मूल मराठी माध्यमातून येत असेल तर दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नोबल पार्क, ब्लॅकबर्न इथे नव्याने आलेल्या मुलांसाठी वेगळ्या इंग्रजी भाषा शाळा आहेत. अशी शाळा घरापासून किती लांब पडते तेही बघून ठेवा.

चौथी पायरी: रेल्वे आणि हिशेब

पॉइंट कुकला रेल्वे स्टेशन नाही, लोक विल्यम्स लँडिंगला गाडी लावून जातात. टार्नीटहून सुटते ती मेट्रो नव्हे, व्ही-लाइनची प्रादेशिक गाडी. कामाच्या दिवशी सकाळी ७ वाजता निघून ऑफिसपर्यंत एकदा जाऊन बघा. घरी परतायला साडेसहा वाजणार असतील तर शाळेतल्या 'आफ्टर केअर'ला (शाळा सुटल्यानंतर मुलं सांभाळण्याच्या सोयीत) जागा आहे का, हे प्रवेशाइतकंच महत्त्वाचं. तिथेही प्रतीक्षायादी असते.

भाडं आठवड्याचं सांगतात. महिन्याचं काढताना चारने गुणू नका, ५२ ने गुणून १२ ने भागा. आठवड्याला ६०० डॉलर म्हणजे महिन्याला २,६००, २,४०० नव्हे. आठवड्याचं भाडं ९०० पर्यंत असेल तर डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. व्हिसा तात्पुरता असेल तर त्या प्रकारच्या व्हिसाला सरकारी शाळेची फी लागू होते का, हे राज्याच्या शिक्षण खात्याला आधी लेखी विचारा. राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत, सिडनीच्या मित्राचा अनुभव मेलबर्नला लागू पडत नाही.

भारतातून निघतानाच

शाळेचं वर्ष जानेवारीअखेर सुरू होतं. प्रेपसाठी त्या वर्षी ३० एप्रिलपर्यंत मुलाला पाच वर्षं पूर्ण व्हावी लागतात. आपल्याकडचं जूनचं गणित तिथे चालत नाही, म्हणून मूल अर्धा वर्ग पुढे किंवा मागे बसेल हे धरून चाला. जन्मदाखला, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. कार्डावर तारखा आणि लसींची नावं इंग्रजीत, वाचता येतील अशी असू द्या. प्राथमिकच्या प्रवेशाला ऑस्ट्रेलियाच्या लसनोंदणीचा उतारा मागतात. भारतातल्या लसी त्या नोंदणीत चढवायला तिथल्या डॉक्टरकडे किंवा नगरपालिकेत जावं लागतं आणि त्यात वेळ जातो. पोहोचल्या आठवड्यातच ते काम करून टाका.