घन जैवइंधनाचे आकडे देशोदेशी ताडून पाहताय? या चुका टाळा

इंदूरमध्ये ऊर्जेवर प्रोजेक्ट करायचं म्हटलं की देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प पहिल्या पानावर येणारच. येऊ द्या, पण घन जैवइंधनाच्या तक्त्यात त्याला घालू नका. फेब्रुवारी २०२२ मध्ये उद्घाटन झालेला हा प्रकल्प रोज ५५० टन ओला कचरा पचवण्याच्या क्षमतेचा आहे, आणि त्यातून निघतो तो वायू. त्याचा हिशेब बायोगॅसच्या रकान्यात.

घन जैवइंधनात येतं सरपण, गोवऱ्या, उसाची चिपाडं, शेतातला भुसा, लाकडाच्या पेलेट्स (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्या). गंमत म्हणजे कागदाच्या लगद्याच्या कारखान्यातलं ब्लॅक लिकर, म्हणजे लाकडाचा लगदा करताना उरणारा चक्क द्रव पदार्थ, आंतरराष्ट्रीय तक्त्यांत इथेच बसतं. फिनलंड किंवा स्वीडनची आलेखातली रेघ एखाद्या वर्षी घसरली, तर आधी तिथला लगद्याचा धंदा कसा चालला होता ते पाहा. जंगलाबद्दल निष्कर्ष नंतर.

सगळ्यात जास्त फसगत होते ती घरगुती सरपणाच्या आकड्यांत. कोळसा खाणीतून काट्यावर जातो, रानातून आणलेली मोळी कोण तोलणार? २०११ च्या जनगणनेत भारतातली सुमारे ४९ टक्के घरं स्वयंपाकाला लाकूड वापरत होती, ८ टक्क्यांच्या आसपास गोवऱ्या. अशा पाहण्यांवरून दर घरामागे अंदाज धरायचा आणि लोकसंख्या वाढेल तसा तो पुढे न्यायचा, असेच बरेच आकडे तयार होतात. मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेत सिलिंडर घरोघरी गेले, पण चूल विझली असं नाही. आपल्या माळव्यात बाफले (कणकेचे गोळे) गोवऱ्यांवरच भाजायचे असतात, हे काय सांगायला हवं?

म्हणून एक साधी तपासणी करा. देशाचं उत्पादन त्या-त्या वर्षीच्या लोकसंख्येने भागा. दरडोई आकडा वर्षानुवर्षं हललाच नाही, तर तुमचा आलेख इंधनाचा नसून लोकसंख्येचा आहे. उलट, एकाच वर्षी रेघेने मोठी उडी मारली तर जंगलतोडीची गोष्ट रचू नका. बहुतेकदा नवी पाहणी झालेली असते किंवा मोजण्याची पद्धत बदललेली असते. तक्त्याखालच्या टिपा वाचा. कंटाळवाण्या असतात, पण उत्तर तिथेच असतं.

उत्पादन आणि वापर यांची गल्लत तर नेहमीची. ब्रिटनमधल्या ड्रॅक्स वीजकेंद्राची सहापैकी चार युनिटं २०१३ ते २०१८ दरम्यान कोळशावरून लाकडी पेलेट्सवर आली. पेलेट्स मुख्यतः अमेरिका-कॅनडातून जहाजाने येतात. त्यांची ऊर्जा ब्रिटनच्या वापरात दिसेल, उत्पादनात नाही. तुमचा प्रश्न कोणता, ते आधी ठरवा.

लाकूड आणि लाकडी कोळसा यांची बेरीज करू नका, तेच झाड दोनदा मोजलं जातं. ब्राझीलसारख्या देशात, जिथे लोखंडाच्या भट्ट्यांनाही लाकडी कोळसा लागतो, हा फरक किरकोळ राहत नाही.

टनांत तुलना तर मुळीच नको. निम्मं पाणी असलेल्या ओल्या लाकडातून किलोमागे साधारण ८ मेगाज्यूल मिळतात, सुक्या पेलेट्समधून १७ च्या आसपास. सगळं टेराज्यूलमध्ये (१ टेराज्यूल म्हणजे १० लाख मेगाज्यूल) आणा. १ हजार टन तेल-समतुल्य, म्हणजे तितक्या तेलातून मिळणारी ऊर्जा, ही ४१.८६८ टेराज्यूल धरतात. मेगावॅट हे क्षमतेचं माप, त्याला उत्पादनाच्या रकान्यात जागा नाही. आणि भारताचं वर्ष एप्रिल ते मार्च असू शकतं, तेही पाहून घ्या.

शेवटी रिकामे रकाने. लाटव्हिया १९९१ पर्यंत सोव्हिएत संघात होता, त्यामुळे जुन्या वर्षांचा त्याचा स्वतंत्र आकडा बहुधा मिळत नाही. तिथे शून्य भरलंत, तर १९९० च्या सुमारास प्रचंड वाढ झाल्याचा देखावा उभा राहील. रकाना रिकामाच ठेवा आणि त्या देशाची रेघ पहिला आकडा मिळतो तिथूनच काढा.