आयात पाइन पॅलेटमधील भुंगेरे कसे ओळखावेत

न्हावा शेवा बंदरात यंत्रसामग्रीसोबत उतरणारे पाइनचे पॅलेट आणि खोके पुढे फर्निचरसाठी विकले जातात. त्यांत लाकूड पोखरणारे परदेशी भुंगेरे असू शकतात, म्हणून ते फोडण्यापूर्वी तपासून घ्यावेत. सह्याद्रीत पाइनचे नैसर्गिक जंगल नाही हे खरे, परंतु तोच पॅलेट ट्रकने हिमालयातील देवदार आणि चीडच्या पट्ट्यापर्यंत पोहोचू शकतो.

प्रथम लाकडी वेष्टनांच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार मारलेला, ओंबीचे चिन्ह असलेला शिक्का शोधावा. त्यातील ‘एचटी’ ही अक्षरे म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवल्याची खूण. मात्र शिक्क्यावर थांबू नये. सालीचा तुकडा ३ सेंटिमीटरहून रुंद आणि ५० चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा असेल, तर ते लाकूड नियमात बसत नाही, कारण तापवलेल्या लाकडाच्या सालीखालीही नवे भुंगेरे अंडी घालू शकतात.

साल सुरीच्या टोकाने उचलावी. आत एका मुख्य बोगद्यातून दोन्ही बाजूंना बारीक फाटे फुटलेले दिसले, तर ते सालभुंगेऱ्यांचे काम असते आणि त्यांची बाहेर पडण्याची भोके छऱ्यासारखी लहान, गोल असतात. लांब मिशांचे भुंगेरे, म्हणजे आंब्याच्या खोडातील भिरुडाचे भाऊबंद, लाकडात खोल शिरतात. त्यांची भोके बहुधा मोठी, काहींची लंबगोल, आणि भुसा जाडाभरडा असतो. जुने भोक तापवण्यापूर्वीचेही असू शकते, म्हणून केवळ भोकावरून निष्कर्ष काढू नये. पॅलेटखाली रात्रभर पांढरा कागद पसरून ठेवावा. सकाळी त्यावर ताजा भुसा पडलेला असेल, तर आत अळी जिवंत असल्याचा दाट संशय घ्यावा.

ओळख पटवण्याचे काम तज्ज्ञाचेच. कॅनडातील हॅलिफॅक्स येथे बंदरालगतच्या पॉइंट प्लेझंट पार्कमध्ये १९९० मध्ये सापडलेला स्प्रूस या सूचिपर्णी झाडावरचा लांब मिशांचा युरोपीय भुंगेरा स्थानिक जातीचा समजला गेला. चूक १९९९ मध्ये उमगली, तोवर तो तिथल्या लाल स्प्रूसमध्ये मुरला होता.

संशय आल्यास पॅलेट हलवू नये, फोडून जळणासाठी वाटू तर अजिबात नये. तो जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळावा, सापडलेला किडा स्पिरिटच्या बाटलीत ठेवावा, तिच्यावर तारीख, कंटेनर क्रमांक आणि माल आलेला देश लिहावा, आणि वनस्पती संगरोध केंद्राला, म्हणजे आयात मालातील किडी तपासणाऱ्या सरकारी कार्यालयाला, कळवावे.