गणपतीला घरी गेलात की आई-बाबांचा फोन आवरून द्या

"बाबा, फोन कमी बघा" हे सांगून आजवर कुणाचा फोन कमी झालेला नाही. माणूस जास्तीत जास्त वेळ आत राहावा म्हणूनच ती अ‍ॅप्स बनवलीयत, आपला वेळ आणि आपली माहिती यावरच जाहिरातींचा धंदा चालतो. त्यामुळे लेक्चर राहू दे, फोन हातात घ्या, तासभर तरी जाईल.

आधी नोटिफिकेशन. वरून पडदा खाली ओढा, सेल, प्री-अप्रूव्ह्ड लोन, कुठल्याशा हिरोईनचं लग्न, आणि या सगळ्याच्या तळाशी लाईट बिलाचा मेसेज. नकोय त्यावर बोट दाबून धरा, तिथंच बंद करायचा ऑप्शन येतो. बँक, कॉल, मेसेज, व्हॉट्सअ‍ॅप सोडून बाकी सरसकट बंद, दयामाया नको.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स इथे जाऊन 'माय कॉन्टॅक्ट्स' करा. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण ते 'एव्हरीवन'वर असेल तर कुणीही अनोळखी माणूस बाबांना शेअर मार्केट टिप्सच्या ग्रुपात टाकू शकतो आणि पुढे काय होतं ते पेपरात रोज वाचतोच आपण.

मग सेटिंग्जमधला परमिशन मॅनेजर, म्हणजे कुणाला फोनमधलं काय बघायची परवानगी आहे त्याची यादी. टॉर्चच्या अ‍ॅपला कॉन्टॅक्ट्स कशाला हवेत? काढा. त्यापेक्षा ते अ‍ॅपच काढा, टॉर्च फोनमध्ये असतोच की. लोकेशन 'वापरताना फक्त' एवढंच ठेवा. आणि हो, आई म्हणेल की फोन आपलं बोलणं ऐकतो, आत्ताच गुडघ्याचं बोललो नि तेलाची जाहिरात आली. पण तिने परवा गुडघेदुखी सर्च केलेली असते, त्यावरचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघितलेला असतो, जाहिरात यायला एवढं पुरतं.

अँड्रॉइड १२ किंवा पुढचं असेल तर सेटिंग्जमध्ये गुगल, मग अ‍ॅड्स, तिथे अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी, म्हणजे जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक, डिलीट करता येतो. जाहिराती कमी होणार नाहीत हं, फक्त वेगवेगळ्या अ‍ॅप्सना त्या आयडीवरून तुमचा माग जोडता येणार नाही. आयफोनवर प्रायव्हसीमध्ये ट्रॅकिंग म्हणून आहे, २०२१ पासून अ‍ॅपला आधी विचारावं लागतं, तिथलं विचारणंच बंद करून टाका.

गुगल अकाउंटमध्ये वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी (काय शोधलं, काय वापरलं याची नोंद) आणि यूट्यूब हिस्टरी, दोन्हीला ऑटो-डिलीट ३ महिने लावा. यूट्यूबची हिस्टरी पूर्ण बंद करून जुनीही पुसलीत तर होम पेज कोरं दिसतं आणि बाबांचा लगेच फोन येईल की यूट्यूब बिघडलं, म्हणून ३ महिनेच बरे. ऑटोप्ले मात्र बंदच.

कायदा आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे, डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ ला झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि कंपन्यांवरची बरीचशी बंधनं लागू व्हायला त्यापुढे दीड वर्ष. तोवर हे हातानेच करायचं.

शेवटी १९०९ ला इंग्रजीत 'स्टार्ट ०' एसएमएस करून डीएनडी लावा, म्हणजे जाहिरातींचे कॉल-मेसेज नकोत असं कळवा. ओटीपी नि बँकेचे व्यवहाराचे मेसेज त्याने थांबत नाहीत, हे बाबांना आधीच सांगून ठेवा.